घातक जाहिरातींपासून कॉम्प्युटर कसा जपायचा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेली बरीच वर्षं मी नातेवाइकांचे, मैत्रिणींचे आणि ऑफिसातल्या सहकाऱ्यांचे बिघडलेले कॉम्प्युटर साफ करून देते. "व्हायरस कुठून आला कळतच नाही, मी तर काहीच केलं नाही" हे वाक्य दर वेळी कानावर पडतं. मग ब्राउझरची हिस्टरी उघडून मागे मागे जात राहिलं, की बऱ्याचदा सुरुवात एखाद्या जाहिरातीपाशी सापडते. लोक मला जे पुन्हा पुन्हा विचारतात, त्याची उत्तरं इथे एकदा नीट लिहून ठेवली आहेत. तुमच्या स्क्रीनवर आत्ता या क्षणी एखादा भयंकर इशारा झळकत असेल, तर बाकी सगळं सोडून थेट "स्क्रीन अडकली आहे" या प्रश्नाकडे जा.

जाहिरात म्हणजे नुसतं चित्र. त्यातून कॉम्प्युटरला काय होणार?

छापील जाहिरात नुसतं चित्र असते. वेबपेजवरच्या जाहिरातीबरोबर मात्र बहुतेक वेळा जावास्क्रिप्टचा कोड येतो, आणि तो तुमच्या ब्राउझरमध्ये चालतो.

तुम्ही पान उघडता तेव्हा जाहिरातीची चौकट रिकामीच असते. ती भरण्यासाठी तुमचा ब्राउझर जाहिरात कंपन्यांच्या सर्व्हरकडे जातो. तिथे त्या एका जागेसाठी, त्या एका वाचकासाठी लिलाव होतो आणि तोही साधारण सेकंदाच्या दहाव्या भागात आटोपतो. ज्याची बोली चढी, त्याची जाहिरात तुमच्यासमोर येते. मधे कधी कधी चार-पाच कंपन्या असतात. एक जागा विकते, दुसरी विकत घेते, तिसरी ती पुढे आणखी कोणाला देते. या सगळ्यात त्या साइटच्या संपादकाने ती जाहिरात पाहिलेलीही नसते.

म्हणजे घर ओळखीचं, पण त्याची पडवी दर मिनिटाला वेगळ्या माणसाला भाड्याने दिलेली. घरमालक भला आहे म्हणून पडवीत बसलेला माणूसही भला असेल, असं धरून चालता येत नाही. मला सगळ्यांना सांगायचं आहे ते एवढंच, आणि खालची बहुतेक उत्तरं यातूनच निघतात. या प्रकाराला सायबर सुरक्षेत मालव्हर्टायझिंग म्हणतात.

मी फक्त नावाजलेल्या साइट बघतो. तरी भीती आहे?

हो, आहे. सप्टेंबर २००९ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सच्या साइटवर असंच झालं. कोणीतरी एका नामांकित इंटरनेट टेलिफोन कंपनीचं नाव सांगून जागा विकत घेतली, आधी साध्या जाहिराती दाखवल्या, आणि शनिवार-रविवार आल्यावर त्या जागी "तुमच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस आहे" असा खोटा इशारा सोडला. सुट्टीचा दिवस मुद्दाम निवडलेला असतो. तेव्हा तक्रार बघायला माणसं कमी असतात.

२०१३ संपून २०१४ सुरू होत होतं, तेव्हा युरोपात याहू उघडणाऱ्यांना जाहिरातींमधून मालवेअर, म्हणजे घातक सॉफ्टवेअर, मिळालं. जावा या (जावास्क्रिप्टहून वेगळ्या) सॉफ्टवेअरच्या जुन्या आवृत्तीतल्या त्रुटी त्यासाठी वापरल्या होत्या. मार्च २०१६ मध्ये तर बीबीसी, एमएसएन, एओएल आणि पुन्हा न्यूयॉर्क टाइम्स अशा मोठमोठ्या साइटवर एकाच मोहिमेतल्या जाहिराती फिरल्या आणि त्यातून रॅन्समवेअर, म्हणजे फाइल अडकवून खंडणी मागणारं मालवेअर, पसरलं. यातली कोणतीही साइट स्वतः हॅक झालेली नव्हती. कोणी त्यांचे पासवर्ड चोरले नव्हते, सर्व्हर फोडले नव्हते. फक्त जाहिरातीची जागा विकत घेतली होती.

अर्थात, पायरेटेड सिनेमे आणि मॅच फुकट दाखवणाऱ्या साइटवर धोका कितीतरी जास्त. डिसेंबर २०२४ मध्ये अशाच साइटवरून सुरू झालेली एक मोहीम मायक्रोसॉफ्टने शोधली. व्हिडिओच्या चौकटीत दडवलेल्या जाहिराती प्रेक्षकाला इकडून तिकडे फिरवत शेवटी गिटहब या प्रोग्रामरांच्या कोड ठेवायच्या साइटवर ठेवलेल्या मालवेअरपर्यंत नेत होत्या. जगभरातल्या जवळपास दहा लाख डिव्हाइसना त्याची झळ पोहोचली.

जाहिरात कंपन्या तपासणी करत नाहीत का?

करतात, आणि रोज ढिगाने जाहिराती नाकारतातही. पण समोरचा माणूस तपासणीसाला ओळखतो. जाहिरातीतला कोड आधी पाहतो की बघणारा कोण आहे, म्हणजे ब्राउझर कोणता, देश कोणता, पत्ता घरगुती कनेक्शनचा की कंपनीच्या डेटा सेंटरचा. तपासणारं यंत्र आहे अशी शंका आली की साधं, निरुपद्रवी पान दाखवतो. तुम्ही घरून आलात की खरं रूप बाहेर काढतो. याला क्लोकिंग म्हणतात.

डिसेंबर २०१६ मध्ये इसेट या कंपनीने उघडकीला आणलेलं एक प्रकरण मला अजून आठवतं. बॅनरच्या चित्रातच कोड लपवला होता. चित्राच्या प्रत्येक ठिपक्याला रंगाबरोबर पारदर्शकतेचा एक आकडा असतो, त्या आकड्यांत किंचित फेरफार करून त्यातून स्क्रिप्ट लिहिलेली होती. डोळ्यांना चित्र जवळजवळ तसंच दिसे. इतकी मेहनत घेणारी माणसं समोर असताना "कंपनीने तपासलंच असेल" या भरवशावर राहू नका.

क्लिक केलं नाही तरी व्हायरस येऊ शकतो?

येऊ शकतो. पूर्वी हे सर्रास घडायचं. जाहिरात नुसती दिसली तरी मागच्या मागे ब्राउझर अशा पानावर जायचा, जिथे एक्स्प्लॉइट किट बसलेलं असे. ते किट तुमचा ब्राउझर, फ्लॅश (ब्राउझरमध्ये व्हिडिओ आणि गेम चालवणारं तेव्हाचं सॉफ्टवेअर), जावा यांच्या आवृत्त्या तपासायचं, त्यातली एखादी जुनी, भोक पडलेली सापडली की तिथून आत शिरायचं. अँगलर नावाचं किट त्या काळात सगळ्यांत कुप्रसिद्ध होतं. २०१६ च्या मध्यावर ते एकाएकी बंद पडलं.

तेव्हापासून बरंच सुधारलं. फ्लॅश प्लेयरचा सपोर्ट ३१ डिसेंबर २०२० रोजी संपला आणि १२ जानेवारी २०२१ पासून अडोबेने त्यातला मजकूर चालणंच बंद केलं. इंटरनेट एक्स्प्लोरर जून २०२२ मध्ये निवृत्त झाला. आताचे ब्राउझर प्रत्येक साइटला वेगळ्या कप्प्यात कोंडतात आणि स्वतःहून अपडेट होतात. त्यामुळे अद्ययावत ब्राउझरमध्ये न क्लिक करता लागण होणं आज दुर्मिळ आहे.

मात्र ब्राउझरच्या कोपऱ्यात "रीस्टार्ट करून अपडेट करा" असं आठवडाभर दिसत असेल आणि पन्नास टॅब उघडे आहेत म्हणून तुम्ही ते टाळत असाल, तर तुम्ही त्या जुन्या काळातच राहता आहात. विंडोज १० चा नियमित सपोर्टही १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. ते अजून वापरत असाल तर वाढीव सुरक्षा अपडेटसाठी नोंदणी करा किंवा पुढे सरका.

मग आज लोक फसतात कसे?

आज हल्लेखोराला तुमचा हात लागतो. तुम्ही डाउनलोड करावं, फोन करावा किंवा कमांड टाइप करावी, यासाठी सगळा खटाटोप असतो. आणि त्यासाठी त्याची सगळ्यांत आवडती जागा म्हणजे सर्च इंजिनमधल्या सगळ्यांत वरच्या ओळी.

माझ्या आत्याची गोष्ट सांगते. नवा प्रिंटर आणला, जोडला, चालेना. तिने प्रिंटरचं मॉडेल आणि "ड्रायव्हर" असं सर्च केलं आणि वरचाच दुवा उघडला. प्रिंटरचा फोटो होता, मॉडेल नंबर टाकायची चौकट होती. नंबर टाकल्यावर हिरवी पट्टी सरकू लागली, नव्वद टक्क्यांवर अडकली आणि "त्रुटी, तज्ज्ञांशी बोला" असं म्हणत फोन नंबर आला. काहीही डाउनलोड होत नव्हतं, ती पट्टी म्हणजे नुसता देखावा होता. आत्याने फोन लावला. समोरचा माणूस इतका गोड बोलला, की तिने त्याच्या सांगण्यावरून कॉम्प्युटरचा ताबा देणारं सॉफ्टवेअरही टाकलं. पैसे मागायला लागल्यावर तिला शंका आली आणि तिने मला फोन केला, म्हणून वाचली. मी हिस्टरी पाहिली. तो वरचा दुवा "प्रायोजित" होता. आत्या हुशार आहे, हिशेब चोख ठेवते. तिला फक्त एवढंच माहीत नव्हतं, की सर्चमधला पहिला निकाल विकत घेता येतो.

हे फक्त प्रिंटरपुरतं नाही. व्हीएलसी, ओबीएस, गिंप, नोटपॅड प्लस प्लस अशी फुकट आणि लोकप्रिय सॉफ्टवेअर शोधणाऱ्यांसाठी असे सापळे लावलेले आढळले आहेत. ऑक्टोबर २०२३ मध्ये कीपास या पासवर्ड मॅनेजरची खोटी जाहिरात सापडली. तिच्यात लोगो खरा होता आणि दाखवलेला पत्ताही अगदी खरा. क्लिक केल्यावर उघडणाऱ्या पानाच्या पत्त्यात मात्र "के" या रोमन अक्षराच्या खाली एक बारीकशी खूण होती. ते अक्षरच वेगळं होतं. स्क्रीनवर धूळ बसली असावी असं वाटून कोणीही पुढे गेला असता. अशा ठिकाणी "नीट बघून क्लिक करा" हा सल्ला तोकडा पडतो. मी स्वतः तो देणं सोडलं आहे.

त्याऐवजी काय करायचं?

सॉफ्टवेअर जाहिरातीतून कधीच उतरवायचं नाही. जाहिरात खरी असो की खोटी, चांगल्या कंपनीची असो की कोणाचीही. हा नियम पाळायला सोपा आहे, कारण तो पाळताना खरं-खोटं ओळखावं लागत नाही.

पत्ता माहीत असेल तर वरच्या पट्टीत टाइप करा. बँक, ईमेल, पासवर्ड मॅनेजर अशा महत्त्वाच्या जागा बुकमार्क करून ठेवा आणि नेहमी तिथूनच उघडा. नवीन सॉफ्टवेअरसाठी आधी मायक्रोसॉफ्ट स्टोअर किंवा मॅकचं ॲप स्टोअर बघा. कमांड वापरायची सवय असेल तर विंडोजमधलं विंगेट हे कमांडने सॉफ्टवेअर उतरवायचं साधन उत्तम. ड्रायव्हर तर बहुतेक वेळा विंडोज अपडेटमधूनच येतात. आणि सर्चच करायचं झालं, तर "प्रायोजित" लिहिलेले सगळे निकाल ओलांडून खाली जा. पत्त्याची खातरजमा करायला त्या सॉफ्टवेअरचं विकिपीडियावरचं पान उपयोगी पडतं, उजवीकडच्या चौकटीत अधिकृत साइट दिलेली असते.

स्क्रीन अडकली आहे, सायरन वाजतो आहे, "कॉम्प्युटर बंद करू नका, या नंबरवर फोन करा" असं दिसतंय. काय करू?

फोन करू नका. घाबरू नका. शंभरातल्या नव्व्याण्णव वेळा ते फक्त एक वेबपेज असतं, पूर्ण स्क्रीनभर पसरलेलं. तुमच्या कॉम्प्युटरमध्ये अजून काही शिरलेलं नसतं.

एस्केप हे बटण काही सेकंद दाबून धरा, पूर्ण स्क्रीन सुटेल. मग टॅब किंवा ब्राउझर बंद करा. बंद होत नसेल तर कंट्रोल, ऑल्ट आणि डिलीट एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडा, ब्राउझर निवडा आणि "एंड टास्क" करा. मॅकवर कमांड, ऑप्शन आणि एस्केप. तेही जमलं नाही तर पॉवरचं बटण दाबून धरून मशीन सरळ बंद करा. "बंद करू नका" हे त्यांच्या फायद्याचं वाक्य आहे. न साठवलेलं काम जाईल, पण त्याहून मोठं नुकसान टळेल.

पुन्हा सुरू केल्यावर ब्राउझर विचारेल, "आधीची पानं परत उघडू का?" नाही म्हणा. बरेच जण इथे हो म्हणतात आणि तेच पान पुन्हा छातीवर बसतं.

मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या इशाऱ्यात फोन नंबर कधीच नसतो, हे त्या कंपनीनेच स्पष्ट सांगितलं आहे. इशाऱ्यात नंबर दिसला, की तो खोटा. दुसरी कोणती खूण शोधायची गरज नाही.

"मी रोबोट नाही" सिद्ध करायला एका साइटने विंडोज आणि आर ही बटणं दाबायला सांगितली. बरोबर आहे का?

अजिबात नाही. २०२४ पासून हा प्रकार फार फोफावला आहे. याला क्लिकफिक्स म्हणतात. तुम्ही चौकटीत टिक करता तेव्हा ते पान तुमच्या क्लिपबोर्डवर (कॉपी केलेला मजकूर जिथे राहतो तिथे) गुपचूप एक कमांड ठेवतं. मग सांगतं, की विंडोज आणि आर दाबा, कंट्रोल आणि व्ही दाबा, एंटर दाबा. पहिल्याने "रन"ची खिडकी उघडते, दुसऱ्याने ती कमांड चिकटते, तिसऱ्याने तुम्ही स्वतःच्या हाताने मालवेअर बोलावता. ब्राउझरची सगळी तटबंदी इथे निरुपयोगी ठरते, कारण दरवाजा आतून उघडला जातो. मॅकवर हेच टर्मिनल उघडायला लावून करतात.

खरा कॅप्चा ब्राउझरच्या बाहेर कधीच काही करायला सांगत नाही. घरातल्या प्रत्येकाला हे आजच सांगा. मला सध्या सगळ्यांत जास्त काळजी वाटते ती याच युक्तीची, कारण कॉम्प्युटर बऱ्यापैकी येणारी माणसंही तिला बळी पडतात. कीबोर्डचे शॉर्टकट वापरायची त्यांना सवय असते, बोटं आपोआप चालतात.

स्क्रीनच्या कोपऱ्यात सतत जाहिराती येतात, ब्राउझर बंद असला तरी. हा व्हायरस का?

बहुधा नाही. कधीतरी एखाद्या साइटने "व्हिडिओ बघण्यासाठी अलाउ दाबा" म्हटलं आणि तुम्ही दाबलं. ती नोटिफिकेशनची परवानगी होती. ब्राउझरच्या सेटिंगमध्ये प्रायव्हसी, मग साइट सेटिंग, मग नोटिफिकेशन इथे जा आणि अनोळखी नावं काढून टाका. तिथेच "साइटना परवानगी मागूच देऊ नका" असा पर्याय आहे, तो निवडा. एवढं करूनही जाहिराती येत राहिल्या तर मात्र काहीतरी इन्स्टॉल झालं असण्याची शक्यता आहे, खाली पाहा.

ॲड ब्लॉकर लावावा का?

माझं उत्तर हो. जाहिरात तुमच्यापर्यंत पोहोचलीच नाही तर तिच्यातला सापळाही पोहोचत नाही, इतका सरळ हिशेब आहे. अमेरिकेच्या एफबीआयने डिसेंबर २०२२ मध्ये सर्चमधल्या खोट्या जाहिरातींबद्दल जाहीर इशारा दिला, तेव्हा सर्च करताना ॲड ब्लॉकर वापरा असाच सल्ला दिला होता.

मी स्वतः फायरफॉक्सवर यूब्लॉक ओरिजिन वापरते. तो फुकट आहे, सोर्स कोड खुला आहे, आणि पैसे घेऊन काही जाहिरातींना वाट करून देणं त्याच्यात नाही. क्रोमने एक्स्टेन्शनचे, म्हणजे ब्राउझरला जोडायच्या अशा छोट्या प्रोग्रामचे, नियम बदलले, मॅनिफेस्ट व्ही थ्री नावाची नवी पद्धत आणली, आणि त्यामुळे तिथे यूब्लॉक ओरिजिन चालेनासा झाला. क्रोमवर त्याचंच यूब्लॉक ओरिजिन लाइट हे हलकं रूप मिळतं. ताकद थोडी कमी, पण काहीच नसण्यापेक्षा पुष्कळ चांगलं. नावात "ओरिजिन" आहे ना, ते बघून घ्या, कारण मिळतीजुळती नावं आहेत.

ॲड ब्लॉकर सुद्धा जाहिरातीतून किंवा सर्चमधून शोधून लावू नका. २०१७ मध्ये खुद्द क्रोमच्या स्टोअरमध्ये ॲडब्लॉक प्लसच्या नावाचं नकली एक्स्टेन्शन शिरलं होतं आणि ते काढलं जाईपर्यंत ३७ हजारांहून जास्त लोकांनी घेतलं होतं. एक्स्टेन्शनला तुम्ही उघडता ते प्रत्येक पान वाचता येतं, हे लक्षात असू द्या. म्हणून एकच ठेवा, दोन-तीन एकावर एक लावू नका, आणि वर्षानुवर्षं न वापरलेली इतर एक्स्टेन्शनही काढून टाका.

पण जाहिरातींवरच तर या साइट चालतात. त्या अडवणं चुकीचं नाही का?

हा प्रश्न मला मनापासून पटतो आणि त्याचं चटकन उत्तर माझ्याकडे नाही. मी ज्या बातम्यांच्या आणि लेखांच्या साइट रोज वाचते, त्यांचं सदस्यत्व पैसे देऊन घेते. ज्यांच्याकडे तशी सोय नाही पण ज्या जाहिराती बेताने लावतात, त्यांच्यापुरता ब्लॉकर बंद ठेवते. तो धोका मी जाणून घेते. वयस्कर माणसांच्या किंवा पहिल्यांदा कॉम्प्युटर हाताळणाऱ्यांच्या मशीनवर मात्र मी ही सूट देत नाही. ती सुरक्षित राहिली पाहिजेत, बाकी वाद नंतर.

अँटिव्हायरस आहे. तेवढं पुरत नाही?

तो असू द्या, पण त्याच्यावर विसंबू नका. विंडोजमधला डिफेंडर बहुतेकांना पुरेसा आहे, तो बंद करू नका. अडचण अशी, की हल्लेखोर आपली फाइल सोडण्याआधी ती अँटिव्हायरसच्या तावडीतून सुटते का हे तपासून घेतात. पासवर्ड लावलेल्या झिपमध्ये देतात म्हणजे आत डोकावता येऊ नये. फाइल मुद्दाम फुगवून प्रचंड मोठी करतात, कारण फार मोठ्या फाइल तपासायचं टाळलं जातं. "इन्स्टॉल करताना अँटिव्हायरस बंद करा" असं कोणी सांगत असेल, तर तिथेच थांबा. आणि आत्यासारखा फोनवरून ताबा दिला तर अँटिव्हायरस काय करणार? ते सॉफ्टवेअर खरंच अधिकृत असतं.

इन्कॉग्निटो किंवा व्हीपीएन वापरलं तर?

दोन्हींचा यात उपयोग नाही. इन्कॉग्निटो फक्त हिस्टरी ठेवत नाही. व्हीपीएन तुमचा पत्ता झाकतं. जाहिरात दोन्हीकडे तशीच येते. काही व्हीपीएनमध्ये जाहिराती गाळायची सोय असते, ती वेगळी गोष्ट.

पत्त्याच्या पट्टीत कुलूप दिसतं. म्हणजे साइट सुरक्षित ना?

कुलूपाचा अर्थ इतकाच, की तुमच्या आणि त्या साइटच्या मधे कोणी ऐकत नाही. साइट चोराची असेल तर चोराशी तुमचं बोलणं खासगी राहतं. खोट्या साइटनाही ते कुलूप फुकट आणि काही मिनिटांत मिळतं. लोकांचा हाच गैरसमज होतो म्हणून क्रोमने २०२३ मध्ये कुलूप काढून तिथे वेगळं चिन्ह आणलं.

मॅकला व्हायरस लागत नाही ना?

लागतो. खोट्या फ्लॅश अपडेटच्या रूपाने आलेला श्लेयर मॅकवर वर्षानुवर्षं फिरत होता. २०२३ मध्ये ॲटॉमिक नावाचा चोरटा प्रोग्राम सर्चमधल्या जाहिरातींतून पसरवला गेला. तो मॅकचा पासवर्ड विचारणारी हुबेहूब चौकट दाखवतो आणि तुम्ही पासवर्ड दिलात की किचेनमधली, म्हणजे मॅकच्या पासवर्डच्या तिजोरीतली, गुपितं उचलतो. लिनक्सवर असं मालवेअर कमी येतं, पण खोट्या लॉगिनच्या पानावर पासवर्ड टाकला तर लिनक्सही वाचवू शकत नाही.

डीएनएस बदलल्याने फायदा होतो असं ऐकलं. खरं का?

होतो. डीएनएस म्हणजे साइटच्या नावावरून तिचा आकडी पत्ता सांगणारी सेवा. क्वाड नाइन ही सेवा घातक म्हणून नोंदलेल्या साइटचा पत्ताच देत नाही. ती फुकट आहे, तिचा आकडा ९.९.९.९. क्लाउडफ्लेअरची अशीच सेवा १.१.१.२ वर आहे. राउटरमध्ये एकदा बदललं की घरातली बहुतेक उपकरणं झाकली जातात. नुकतीच उभारलेली खोटी साइट यादीत येईपर्यंत मात्र वेळ जातो, आणि काही ब्राउझर स्वतःचा वेगळा डीएनएस वापरतात, तोही सेटिंगमध्ये बघावा लागतो. मी याला ॲड ब्लॉकरची जोड म्हणून वापरते, पर्याय म्हणून नाही.

क्लिक करून बसलो आहे. आता?

काय झालं त्यावर अवलंबून आहे.

नुसतं पान उघडून बंद केलं असेल आणि ब्राउझर अद्ययावत असेल, तर बहुधा काही झालेलं नाही. डाउनलोडच्या फोल्डरमध्ये अनोळखी फाइल आली आहे का बघा, असेल तर न उघडता पुसा, एक पूर्ण स्कॅन करा.

फाइल चालवली असेल किंवा ती "रन"मधली कमांड दिली असेल, तर वेळ घालवू नका. आधी वाय-फाय बंद करा, केबल काढा. आजचं मालवेअर बहुतेक वेळा चोरटं असतं. ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड आणि कुकी (साइटने तुमची ओळख लक्षात ठेवायला ठेवलेल्या छोट्या नोंदी) ते काही क्षणांत उचलून पाठवतं आणि गप्प होतं. कॉम्प्युटर मंद होत नाही, स्क्रीनवर काही दिसत नाही. लुमा नावाच्या अशाच एका स्टीलरविरुद्ध (अशा चोरट्या मालवेअरला स्टीलर म्हणतात) मे २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टने कारवाई केली. त्याआधीच्या दोन महिन्यांत तीन लाख ९४ हजार विंडोज कॉम्प्युटरवर त्याची लागण आढळली होती.

मग दुसऱ्या, स्वच्छ उपकरणावरून पासवर्ड बदला. सुरुवात ईमेलपासून, कारण बाकी सगळ्या खात्यांचे पासवर्ड ईमेलवरूनच बदलता येतात. त्यानंतर बँक. आणि पासवर्ड बदलण्याइतकंच महत्त्वाचं म्हणजे प्रत्येक खात्यात "सगळ्या उपकरणांवरून साइन आउट करा" हा पर्याय दाबा. हे लोक हमखास विसरतात. चोरलेली कुकी म्हणजे आधीच लॉगिन झालेलं सत्र. ती ज्याच्या हाती आहे त्याला ना पासवर्ड लागतो, ना ओटीपी. ईमेलमध्ये तुमच्या नकळत एखादा फॉरवर्डिंगचा नियम बसवलेला नाही ना, तेही पाहा.

मशीनचं म्हणाल, तर डिफेंडरचं ऑफलाइन स्कॅन करता येतं. पण स्टीलर चालला होता हे नक्की असेल, तर मी महत्त्वाच्या फाइल बाजूला काढून विंडोज नव्याने टाकते. दोन तास जातात आणि मनातला संशय संपतो.

फोनवरून कोणाला ताबा दिला असेल, तर इंटरनेट तोडा, ते सॉफ्टवेअर काढा, आणि पैसे किंवा कार्डाचे तपशील गेले असतील तर त्याच मिनिटाला बँकेला कळवा. त्यानंतर सायबर पोलिसांत तक्रार. "पैसे परत मिळवून देतो" म्हणत पुढे कोणाचा फोन आला, तर तो बहुतेक त्याच टोळीचा असतो.

कॉम्प्युटरचा पंखा एखाद्या साइटवर भसाभस फिरतो. जाहिरातीमुळे असेल?

असू शकतं. २०१७ मध्ये कॉइनहाइव्ह नावाची स्क्रिप्ट आली. ती वाचकाच्या प्रोसेसरवर क्रिप्टोचं मायनिंग, म्हणजे आकडेमोड करून डिजिटल चलन कमावणं, करायची, आणि जानेवारी २०१८ मध्ये यूट्यूबवरच्या काही जाहिरातींमध्येही सापडली. कॉइनहाइव्ह मार्च २०१९ मध्ये बंद झालं. तो टॅब बंद करून पंखा शांत झाला, की विषय मिटला.

आईवडिलांच्या कॉम्प्युटरवर काय करून ठेवू?

त्यांना रोजच्या वापरासाठी साधं खातं द्या, ॲडमिनिस्ट्रेटरचं वेगळं ठेवा आणि त्याचा पासवर्ड तुमच्याकडे असू द्या. म्हणजे बरीचशी सॉफ्टवेअर टाकताना मशीन तो पासवर्ड मागेल आणि ते तुम्हाला फोन करतील. चोरटे प्रोग्राम साध्या खात्यातही चालतात, त्यामुळे हा एकच उपाय पुरेसा नाही. ब्राउझरमध्ये ॲड ब्लॉकर लावा, नोटिफिकेशनच्या विनंत्या बंद करा, ते रोज उघडतात त्या साइट वरच्या पट्टीत बुकमार्क म्हणून मोठ्या ठेवा. मायक्रोसॉफ्टच्या एज ब्राउझरमध्ये स्क्रीन अडकवणारी खोटी पानं ओळखणारा स्केअरवेअर ब्लॉकर आहे, तो चालू करा. फाइलच्या नावामागचं एक्स्टेन्शन दिसेल असं सेटिंग करा, म्हणजे पीडीएफच्या चित्राआड लपलेली ईएक्सई, म्हणजे चालणारा प्रोग्राम, उघडी पडेल.

आणि मॉनिटरच्या कडेला एक चिठ्ठी चिकटवा. मी आत्याच्या मॉनिटरवर लावली आहे, मोठ्या अक्षरात: "स्क्रीनवरच्या नंबरला फोन करायचा नाही. मला करायचा. रात्री दोन वाजता सुद्धा." त्यानंतर तिचे तीन फोन आले. दोनदा काहीच नव्हतं, तिला उगाच शंका आली होती. तिसऱ्यांदा खरोखरच सायरन वाजत होता, आणि मी फोन उचलेपर्यंत तिने एस्केप दाबून धरलं होतं.